आईच्या खांद्याचं फ्रॅक्चर (वय ७८): प्लेट, रिव्हर्स की नुसती झोळी?

मधुरा_ज
नमस्कार मंडळी. मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आई (७८) शनिवारी पहाटे बाथरूमला जायला उठली आणि दारातच पडली. उजवा खांदा. एक्सरे झाला, सीटी झाला. दंडाच्या हाडाचं वरचं टोक तीन तुकड्यांत मोडलंय आणि थोडं सरकलंय, रिपोर्टवर "थ्री पार्ट प्रॉक्सिमल ह्यूमरस" असं लिहिलंय.

आता पाच दिवसांत तीन मतं झालीत. पहिले सर्जन म्हणाले प्लेट घालू, लगेच ॲडमिट करा. दुसरे म्हणाले झोळीत हात ठेवा, दहा दिवसांनी परत एक्सरे काढू, मग व्यायाम, होईल सगळं. तिसऱ्यांना नुसते फोटो पाठवले तर ते म्हणतात या वयात हाडात स्क्रू धरत नाहीत, करायचंच असेल तर रिव्हर्स शोल्डर करा, म्हणजे सांधाच बदला. सगळे अनुभवी, सगळे ठाम. खर्च बघायला गेलं तर झोळी आणि रिव्हर्स यांत जमीन अस्मानाचा फरक.

भाऊ लांब असतो, तो म्हणतो पैशाकडे बघू नकोस, बेस्ट असेल ते कर. पण बेस्ट म्हणजे कुठलं तेच कळत नाहीये ना. आणि मनातलं सांगते, ऑपरेशन नाही केलं आणि हात आखडला तर जन्मभर वाटत राहील की आईच्या वेळी मी हात आखडता घेतला. आईला बीपी आणि शुगर, दोन्ही गोळ्यांवर. आतापर्यंत एकटी राहायची, सगळं स्वतःचं स्वतः करायची. ऑपरेशन करायचं तर दोन आठवड्यांच्या आत ठरवा म्हणालेत. कुणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत?

कोरांटी
अरे बापरे, काळजी घ्या. आई उजवा हात वापरतात का डावा? बोटं नीट हलतायत ना?

मधुरा_ज
@कोरांटी, उजवाच. बोटं हलतायत, मुंग्या नाहीत. पण आज दंडापासून कोपरापर्यंत पूर्ण काळंनिळं झालंय, छातीच्या बाजूलाही उतरलंय, ते बघून माझे हातपाय गळाले.

शिरीष७१
मधुराताई, त्या काळ्यानिळ्याला घाबरू नका. माझ्या सासूबाईंचं (८२) दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. आत साचलेलं रक्त खाली उतरतं, त्यांचं तर पार मनगटापर्यंत आलं होतं, आधी जांभळं मग हिरवं मग पिवळं होत दोनतीन आठवड्यांत गेलं. आम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं त्यामुळे मध्यरात्री हॉस्पिटल गाठलं होतं.

आम्ही ऑपरेशन केलं नाही. पहिले तीन आठवडे कठीण गेले हे आधीच सांगतो. आडवं झोपता येत नाही, पाठीमागे उशा लावून अर्धवट बसूनच झोपायचं, आणि कोपराखाली एक छोटी उशी द्यायची म्हणजे दंड मागे ओढला जात नाही. ही कोपराखालची उशी आम्हाला सातव्या दिवशी कळली आणि त्या रात्री त्या पहिल्यांदा सलग चार तास झोपल्या. काखेत घाम साचून लाल होतं, तिथे रोज ओलं फडकं फिरवून कोरडं करायचं आणि मऊ सुती कापडाची घडी ठेवायची. कपडे समोरून उघडणारेच. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

आज हात खांद्याच्या थोडा वरपर्यंत जातो. वरच्या फळीवरचं काढता येत नाही. बाकी सगळं करतात.

वाटसरू
दुसरी बाजू सांगतो. बाबांना (७४) प्लेट घातली होती. ऑपरेशन उत्तम झालं, एक्सरे बघून सगळे खूश, हाड अगदी पहिल्यासारखं जोडलेलं. तीन महिन्यांनी हात हलवला की आत काहीतरी खरखरतंय म्हणायला लागले. हाडाचा गोळा खाली बसला आणि स्क्रूची टोकं सांध्यात बाहेर आली. परत भूल, परत टाके, स्क्रू काढले, आणि व्यायाम परत पहिल्यापासून. दोन्ही मिळून जो खर्च झाला तो जाऊ द्या, पण बाबांचं जे वर्ष गेलं त्याचा हिशेब कशात मांडणार? कुणाची चूक झाली असं मी म्हणत नाही, हाडच ठिसूळ होतं. पण पहिल्या ऑपरेशनच्या आधी "दुसरं करावं लागू शकतं" हे वाक्य कुणीतरी आमच्यासमोर बसून बोलायला हवं होतं.

गार्गी_स
मी वाटसरूंच्या विरुद्ध टोकाला आहे :) माझ्या आत्याचं (७१) रिव्हर्स केलं. चार तुकडे झाले होते आणि गोळा पूर्ण फिरला होता. सहाव्या आठवड्यात हात डोक्यापर्यंत! इतकं पटकन होईल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. दुखणं जवळजवळ नाही. त्यामुळे सरसकट "ऑपरेशन नको" म्हणू नका प्लीज, फ्रॅक्चर कसलं आहे त्यावर आहे.

पुष्कर
हे रिव्हर्स म्हणजे नक्की काय उलटं करतात? माणूस तर सुलटाच राहतो ना ;)

निरंजन_ऑर्थो
ऑर्थोपेडिक सर्जन आहे. मधुराताई, मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे "हे करा" असं सांगणार नाही. पण तीन डॉक्टर तीन गोष्टी का सांगतायत ते सांगतो, म्हणजे गोंधळ जरा कमी होईल.

दंडाच्या वरच्या टोकाचे चार भाग धरतात. गोल डोकं, त्याच्या बाजूचे दोन उंचवटे (त्यांना खांदा फिरवणारे स्नायू चिकटलेले असतात), आणि खालचा दांडा. १९७० मध्ये नीअर नावाच्या सर्जननी ही वर्गवारी केली, एखादा भाग १ सेंमीपेक्षा जास्त सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त कलला तरच तो वेगळा "पार्ट" मोजायचा. आता हे मोजमाप डोळ्यांनी करायचं असतं आणि एकच सीटी दोन सर्जननी बघितला तर एक टू पार्ट म्हणतो, दुसरा थ्री. मतभेदाची सुरुवात तिथूनच होते.

बहुतेक म्हाताऱ्या माणसांची ही फ्रॅक्चर फारशी सरकलेली नसतात, त्यांना झोळीच. याबद्दल कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते सरकलेल्यांबद्दल. त्यावर ब्रिटनमध्ये प्रोफर नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. ३२ हॉस्पिटलं, २५० पेशंट, निम्म्यांचं ऑपरेशन आणि निम्म्यांना झोळी, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी. दोन वर्षं मागोवा घेतला. पेशंटनी स्वतः भरायचा एक स्कोअर असतो, ४८ पैकी, म्हणजे स्वतःचं स्वतः कपडे घालता येतात का, केस विंचरता येतात का असले प्रश्न. ऑपरेशनवाल्यांना ३९.०७ आणि झोळीवाल्यांना ३८.३२. व्यवहारात शून्य फरक. पाच वर्षांनीही तेच चित्र.

मग ऑपरेशन कुणालाच करू नये का? तसं नाही. खांदा निखळला असेल आणि मोडलाही असेल, डोकंच दुभंगलं असेल, जखम उघडी असेल, रक्तवाहिनीला इजा असेल, तर तो वेगळाच विषय. असे पेशंट त्या अभ्यासात जवळजवळ नव्हतेच. आणि त्यात ऑपरेशन म्हणजे बहुतेक प्लेट होती, त्यामुळे रिव्हर्सचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

@पुष्कर, खांद्यात दंडाला गोळा असतो आणि पाठीच्या फऱ्याला वाटी. रिव्हर्समध्ये गोळा फऱ्यावर बसवतात आणि वाटी दंडावर. १९८५ मध्ये फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी ही युक्ती काढली. यामुळे आतल्या बारीक स्नायूंवर अवलंबून न राहता बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू एकटा हात वर उचलू शकतो. म्हाताऱ्या माणसांचे आतले स्नायू बरेचदा आधीच झिजलेले असतात, म्हणून हे त्यांना जमतं.

पुष्कर
अरे वा, हे मस्तच समजलं. म्हणजे खरंच उलटं करतात! धन्यवाद डॉक्टर.

गार्गी_स
डॉक्टर, मग प्लेट आणि रिव्हर्स अशी समोरासमोर तुलना झालीय का? आमच्या सर्जननी नॉर्वेचा काहीतरी अभ्यास दाखवला होता.

निरंजन_ऑर्थो
हो, डेल्फी ट्रायल, २०२०. ६५ ते ८५ वयाचे १२४ पेशंट, सगळ्यांची फ्रॅक्चर बरीच सरकलेली. दोन वर्षांनी खांद्याच्या स्कोअरमध्ये १०० पैकी रिव्हर्सला ६८ आणि प्लेटला साधारण ५५. म्हणजे या वयात ऑपरेशन करायचंच ठरलं तर पारडं रिव्हर्सकडे झुकतं. पण ही तुलना दोन ऑपरेशनांची आहे, झोळीशी नाही. झोळीशी तुलना स्पेनमध्ये ८० च्या वरच्या लोकांत झाली, २०१९ साली आली, तिथे वर्षभराने फरक अगदी थोडा निघाला. मधुराताईंची आई वयाने पहिल्यात बसते, दुसऱ्याला दोन वर्षं कमी पडते, तीच खरी अडचण आहे.

हिशेबनीस
खर्चाबद्दल कुणी नीट बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. आम्ही मामीच्या वेळी वहीत दोन रकाने केले होते. ऑपरेशनकडे सगळे फक्त बिल बघतात, इम्प्लांट, ऑपरेशन थिएटर, खोली. पण फिजिओ दोन्हीकडे लागतो, मदतीला बाई दोन्हीकडे लागते, घरातल्या कुणाची तरी रजा दोन्हीकडे जाते. झोळी म्हणजे फुकट हा गैरसमज आहे. आणि ऑपरेशन म्हणजे एकदाच पैसे टाकले की सुटलो हाही, वाटसरूंनी वर लिहिलंयच.

मेडिक्लेमचंही नीट विचारा. इम्प्लांटची पूर्ण किंमत बसते का, ॲडमिट न होता केलेला फिजिओ बसतो का. बऱ्याच पॉलिसींमध्ये ॲडमिट झालं तरच पैसे मिळतात, त्यामुळे आपलं मन नकळत ऑपरेशनकडे ओढलं जातं. आमचं ओढलं गेलं होतं, मामाच म्हणाले "विमा आहे म्हणून कापायचं का तिला?" तेव्हा भानावर आलो.

रानवारा
म्हाताऱ्या माणसाला भूल दिल्यावर होणारा भ्रम कुणी धरलाच नाही हिशेबात. माझी आजी ऑपरेशननंतर चार दिवस आम्हाला ओळखत नव्हती, सलाईन उपटून टाकायची. नंतर आली पूर्वपदावर, पण ते चार दिवस आम्ही विसरू शकत नाही. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण भूलतज्ज्ञांना आधी भेटून विचारा. आणि शुगर ताब्यात आहे ना ते बघा, नसेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो.

तन्वी_फिजिओ
फिजिओथेरपिस्ट. मला राहवलं नाही म्हणून लिहितेय. "झोळीत ठेवा" याचा अर्थ घरोघरी "हलवू नका" असा घेतला जातो आणि मग सहा आठवड्यांनी खांदा दगड झालेला घेऊन लोक येतात, आणि म्हणतात ऑपरेशन न केल्यामुळे आखडला. झोळीचा काय दोष? खांदा न हलवल्यामुळे आखडलाय!

बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. तासातासाला मूठ उघडझाप. एकदोन आठवड्यांनी दुखणं जरा उतरलं आणि डॉक्टर हो म्हणाले की लंबकाचा व्यायाम, म्हणजे चांगला हात टेबलावर टेकून कमरेत वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडून अंगाच्या झोक्याने हलू द्यायचा. हात हलवायचा नाही, हलू द्यायचा, इथे सगळे चुकतात. मग चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचं, आणि ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांच्या सुमाराला. सुधारणा वर्षभर होत राहते, तिसऱ्या महिन्यात हात किती वर गेला त्यावरून रडू नका.

रिव्हर्सवाल्यांसाठी एक. हात वर छान जातो, पण पाठीमागे वळवणं बरेचदा जमत नाही. पाठ खाजवणं, आतल्या कपड्यांचे हुक, आणि स्पष्टच लिहिते, संडासनंतर धुणं. उजव्या हाताने ती सवय असेल तर आधीच विचारून ठेवा. आणि पहिले काही आठवडे त्या हाताने रेटा देऊन खुर्चीतून उठायचं नाही, सांधा निखळू शकतो.

गार्गी_स
@तन्वी_फिजिओ, हे शंभर टक्के खरं. आत्याचा हात डोक्यापर्यंत जातो पण मागे जात नाही. आधी कुणी बोललं नव्हतं, तिला फार अवघडल्यासारखं झालं होतं. आता हॅण्डशॉवर आणि डावा हात.

कोरांटी
मुळात पडल्या कशा ते पण बघा ना. पहाटे उठून बाथरूमला, म्हणजे रात्रीचा दिवा, पायपुसणं, चपला. झोपेची गोळी चालू आहे का? बीपीची गोळी रात्री घेतात का, उठल्यावर चक्कर येते का? माझ्या वडिलांच्या पायाखालचं पायपुसणं सरकलं होतं, आम्ही घरातली सगळी पायपुसणी त्याच दिवशी काढून टाकली.

निरंजन_ऑर्थो
कोरांटींना अनुमोदन, आणि डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) राहू नये. उभ्या उंचीवरून पडून खांदा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ आहेत असं धरूनच चालायचं. खांदा ठीक होईल हो, पण पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं, आणि ते फार महागात पडतं. ऑस्टिओपोरोसिसचं औषध बहुतेक घरांत सुरूच होत नाही कारण सगळं लक्ष खांद्याकडे असतं.

शरयूआजी
मी ८१ वर्षांची आहे, नातीने शिकवलं म्हणून इथे वाचते, टाईप करायला वेळ लागतो. माझा डावा खांदा चार वर्षांपूर्वी मोडला.

मधुरा बाळा, तुझं सगळं वाचलं. भाऊ काय म्हणतो ते लिहिलंस, तिन्ही डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलंस, तुला जन्मभर काय वाटत राहील ते लिहिलंस. आई काय म्हणते ते कुठे लिहिलंय?

माझ्या वेळी मुलं दाराबाहेर उभी राहून ठरवत होती आणि मी आत पडल्या पडल्या ऐकत होते. खांदा मोडला होता, कान शाबूत होते. शेवटी मीच हाक मारली. मला काय हवंय ते साधं होतं, कुणी मला न्हाऊ घालू नये, आणि हॉस्पिटलात परत जायला लागू नये. हात आभाळाला लावायचा नव्हता मला. हे सांगितल्यावर डॉक्टरांनाही ठरवणं सोपं गेलं. मी झोळीच घेतली. दुसरी कुणी ऑपरेशन मागेल, तिचंही बरोबर.

मधुरा_ज
शरयूआजी, तुमचं वाचून अर्धा तास नुसती बसून राहिले. खरंच विचारलं नव्हतं. तिला त्रास नको म्हणून तिच्यासमोर विषयच काढत नव्हतो आम्ही. आज विचारते.

शिरीष७१
आजी __/\__

वाटसरू
आजी, बाबांना हा प्रश्न आम्हीही विचारला नव्हता.

हिशेबनीस
माझ्या वहीत हा रकाना राहिलाच होता.

मधुरा_ज
आईशी बोलले. ती आधी म्हणाली "तुम्ही ठरवाल ते". मग मी विचारलं, तुला ह्या हाताने काय काय करता यायला हवंय? तर तिने आधीच विचार करून ठेवल्यासारखं सांगितलं, सही, स्वतःची अंघोळ, स्वतःचा अंबाडा, आणि संडासला कुणाची मदत नको. फळीवरचं? "ते तू खाली काढून ठेव." आणि भुलीची तिला भयंकर भीती वाटते हे मला या वयात पहिल्यांदा कळलं.

ही यादी घेऊन दुसऱ्या सर्जनांकडे गेलो. त्यांनी सीटी परत लावून दाखवला, डोकं दांड्यावर बऱ्यापैकी बसलंय, निखळलेलं नाही. यातलं बरंचसं झोळी आणि व्यायामाने जमावं असं म्हणाले, गॅरंटी नाही असंही. दहाव्या दिवशी आणखी सरकलं असेल तर परत बोलू. आणि नाहीच जमलं, दुखत राहिलं, तर रिव्हर्स नंतरही करता येतं, दार बंद होत नाही. भावाला व्हिडिओ कॉलवर सर्जनांशीच बोलायला लावलं. तो शांत झाला. झोळी ठरली.

निरंजन_ऑर्थो
ते नंतरच्या रिव्हर्सचं बरोबर सांगितलं त्यांनी. ताज्या फ्रॅक्चरमध्ये केलेल्याइतकं सोपं नसतं, पण फसलेल्या प्लेटनंतर करण्यापेक्षा बरं. दहाव्या दिवसाचा एक्सरे मात्र चुकवू नका.

गार्गी_स
शुभेच्छा मधुरा. माझं मत मी बदललेलं नाही हं, आत्यासारखं फ्रॅक्चर असतं तर मी परत रिव्हर्सच सांगितलं असतं. पण तुमच्या आईंना हे पटलंय ना, मग जोर लावून व्यायाम करून घ्या!

तन्वी_फिजिओ
जोर लावून नको गं! रोज, थोडा थोडा, दिवसातून चारपाच वेळा.

मधुरा_ज
धागा वर काढतेय. आज बारा आठवडे झाले.

दहाव्या दिवशी हाड जागेवर होतं. पहिला महिना शिरीषदादांनी लिहिलं तसाच गेला, कोपराखालच्या उशीसाठी तुम्हाला किती दुवा देऊ. पाचव्या आठवड्यात आई व्यायामाला कंटाळून माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आता हात समोरून जेमतेम खांद्याच्या उंचीपर्यंत येतो. सही जमते. अंघोळ स्वतःची स्वतः, पाठ सोडून. डेक्सात टी स्कोअर उणे ३.१ आला, म्हणजे हाडं बरीच ठिसूळ, औषध सुरू केलंय. बाथरूमच्या वाटेवर दिवा आणि दांडी दोन्ही लावलं.

अंबाड्यासाठी हात मागे पुरत नाही अजून. पण परवा दारातून बघितलं, ती पलंगाच्या कडेला बसून मान पार खाली घालते, हनुवटी छातीला लावते, आणि हाताला डोक्याकडे जाता येत नाही तर डोकंच हाताकडे आणते. सैलसर झाला, एका बाजूला कललेला. मी नीट करायला पुढे झाले तर "राहू दे" म्हणाली.

शरयूआजी
राहू दे. पुढच्या महिन्यात मधोमध येईल. माझा आला होता.

नवा_सभासद
नमस्कार, पूर्ण धागा वाचला. माझ्या सासऱ्यांचा (६९) काल खांदा मोडला, चार पार्ट, आणि निखळलाय पण. आम्हीही झोळीच ठेवावी का?

निरंजन_ऑर्थो
@नवा_सभासद, नाही, थांबा. निखळलेला असेल तर वरचं काही तुम्हाला लागू नाही. इथे वाट बघू नका, आजच सर्जनांना दाखवा आणि बोटं बधिर आहेत का ते आत्ता तपासा.